रजा चटकन मंजूर झाली तर

बारकूबाई कारखान्यात शिरताना आधी वॉचमनच्या तोंडाकडे बघायच्या. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "उद्यापासून कुनाला आत सोडायचं नाय, ते सायब आदी त्यालाच सांगतो. तो नजर चुकवायला लागला का समजायचं."

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा गोळ्या-चॉकलेटचा कारखाना होता. मालक दुसराच होता, पण मी तसंच बोलायची. मी माल पाठवायच्या खात्यात. कुठल्या दुकानदाराचा खोका कुठल्या टेम्पोत, सगळं माझ्या डोक्यात. बारकूबाई पॅकिंगच्या मुख्य. बेलवलीच्या आगरी घरातल्या, चौथी शिकलेल्या. बंद खोका नुसता उचलून "यात दोन पुड्या कमी हायत" म्हणायच्या, आणि उघडला की दोनच कमी निघायच्या. माणसंही त्या तशीच तोलायच्या. आता त्या नाहीत. असत्या तर मला हे लिहू दिलं नसतं.

मी तेव्हा अठ्ठेचाळिशीची होते. वय सांगते ते एवढ्यासाठी, की कोवळी होते अशी सबब मला नाही.

गणपती उठले आणि साहेबांनी एक नवी मुलगी माझ्या शेजारी बसवली. "सुमनताई, हिला तुमचं सगळं काम शिकवा. एका वहीत लिहूनही काढा." मी हरखले. मला सुपरवायझर करणार, दुसरं काय! त्याच संध्याकाळी उल्हासनगरच्या बाजारात जाऊन सुपरवायझरला शोभतील अशा दोन साड्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या पॅकिंगला पेढे वाटले.

बारकूबाईंनी पेढा हातात धरला. "कशाचा गो ह्यो?"

"बढतीचा."

"कागद आलाय?"

"येईल ना!"

"मंग पेढा बी तवाच खाईन." आणि तो त्यांनी रुमालात बांधला.

बाई जळतात माझ्यावर, असं मी टेम्पोवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं.

दोन दिवसांनी जेवायच्या सुट्टीत त्यांनी मला गाठलं. "सुमन, सायबाकडं जा नि दिवालीत आठ दिवस रजा माग."

मला हसूच आलं. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे रजा? आदल्या वर्षी भाऊबीजेला साहेबांनी एकीला दोन तास सोडलं होतं, तेही ओवाळून परत यायच्या अटीवर.

"म्हनून तं माग," बाई म्हणाल्या. "भांडला, तं तू हायस. लगेच दिली, तं तू गेलीस."

मी गेले. साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, "घ्या ना ताई. आठ कशाला, पंधरा दिवस घ्या. घरच्यांना वेळ द्या."

मी जवळजवळ नाचत बाहेर आले. "बाई, पंधरा दिवस! बघा, किती मान आहे मला!"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "दिवालीत मालाचा डोंगर लागतो. तुज्याबिगर कसं भागंल, त्यानं एवडं तरी इचारलं का?"

मी तिथेच खाली बसले. नवऱ्याची कंपनी आधीच बंद पडलेली, मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. चूल माझ्याच पगारावर. रडायला लागले.

"रड मागनं. आदी परत जा नि दाखला लिहून घे. तुला काय काय येतं ते सगलं, सही-शिक्क्यासकट. आज त्याला लाज वाटतेय, आज देईल. काढल्यावर वळख बी देनार नाय."

"आणि ती वही? फाडूनच टाकते."

"फाडते कशाला? पुरी करून दे. त्या पोरीचं काय चुकलं?"

एकटीने आत जायचा मला धीर होईना. तेव्हा बाई एक रिकामा खोका काखेत धरून साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या, काही कामाला आल्यासारख्या. शिक्का उमटेपर्यंत हलल्या नाहीत.

महिनाअखेरीला मला काढलं. नव्या मुलीचा पगार माझ्या निम्मा होता, हे मागून कळलं. पण दाखला माझ्या पर्समध्ये होता. तो बघूनच बदलापूरच्या एका औषधांच्या गोदामात मला घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात मी शिरगावच्या दुकानाचे खोके चिखलोलीला पाठवले. नवे साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर तुटून पडले. मी गोदामामागे जाऊन बारकूबाईंना फोन लावला.

"बाई, ही पण गेली हो नोकरी! साहेब केवढे ओरडले मला!"

"किती वेल?"

"चांगली दहा मिनिटं."

"दहा?" बाई खूश होऊन म्हणाल्या. "मंग पाच वर्सं तुला मरन नाय. ज्याला काढायचं, त्याच्यावर कोन घसा फोडतो गो? चल ठेव, माल आलाय माजा."

बारकूबाईंचा अंदाज चुकलेला मी तेवढा एकदाच पाहिला. त्या गोदामातून मी दहा वर्षांनी निवृत्त झाले.