अमीनसाहेबांचं मुकर्रर

माझा गळा त्या काळी असा होता की राणीसावरगावात आलाप घेतला, तर पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळातली घंटा आपोआप हलायची. दोरी कोण ओढतंय म्हणून पुजारी बाहेर येऊन बघायचा, असं लोक सांगत. लोक म्हणजे बहुतेक मीच. पण एवढ्या गळ्यालाही एक जागा काही केल्या लागत नव्हती. ती म्हणजे वरचा सा.

एरवी त्याचं काही अडलं नसतं. संगीत नाटक कंपनीत मी सेनापतीच्या मागं भाला धरून उभा राहायचो आणि भाल्याला वरचा सा लागत नाही. पण राणीसावरगावच्या मुक्कामात आमचा नायक दुसऱ्या कंपनीत पळाला. मिशी, तुरा, तलवार सगळं ठेवून गेला, नेला तो फक्त गळा. पुढचा मुक्काम जिंतूर. त्याची सगळी पदं मला पाठ होती, म्हणून मालकांनी मलाच मिशी लावली.

पदं काळी चारच्या उंच पट्टीतली. सूर थोडा खाली घ्या म्हणावं, तर पेटीवाले मास्तर भाता मिटून विचारायचे, "तुला झेपंना म्हणून पेटीचा गळा दाबू का?" तालमीत पहिल्या अंकातलं मोठं पद आलं की मी वरच्या साला हात घालायचो आणि घशातून कोंबडं बाहेर पडायचं.

शेवटी मालकांनी मला बाजूला घेतलं. "सा लागत न्हाई ना? मग त्याच्या अलीकडच्या निषादापर्यंत जा, तिथं एक झकास गिरकी घे अन् उतर खाली. सरकी-कापसाच्या बाजाराला आलेली माणसं हायत, कोण धरायलंय तुला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज निभावलास तर नायक तू. न्हाई निभावलास तर भाला. म्हातारा होईस्तोवर भाला."

जिंतूरला रंगमंच बांधला होता जिनिंगच्या आवारात. हवेत कापसाची एवढी कुसं, की आ वासला तर पोटात गादी तयार व्हावी. दिवेलागण झाली, गॅसबत्त्या फुरफुरल्या आणि पुढच्या रांगेतल्या एकुलत्या एका खुर्चीवर अमीनसाहेब येऊन बसले. अमीन म्हणजे निजामाच्या पोलिसातला तालुक्याचा मोठा हाकिम. त्यांच्या इजाजतीशिवाय नाटक उभं राहत नसे, आणि त्यांनी ती दिली होती एकाच खेळाची. पुढचं बघून ठरवू, म्हणाले होते. साहेब उठून गेले असते तर माझ्याबरोबर अख्खी कंपनी भाल्यावर आली असती.

त्या मोठ्या पदाचा प्रसंग असा होता. नायिका खांबाला बांधलेली, खलनायकानं तिच्यावर तलवार उगारलेली आणि नायक तिला वाचवायचं सोडून पद गातोय. आमच्या नाटकांत हे चालायचं. मी पहिली ओळ उचलली, निषादापर्यंत चढलो, तिथं अशी गिरकी घेतली की माझं मलाच गरगरलं, आणि खाली आलो.

"मुकर्रर!" साहेबांनी खुर्चीतून हात उंचावला.

आपल्याकडे वन्समोर मिळतो तो पद संपल्यावर. साहेब वाढले मुशायऱ्यात, तिथं आवडलेली ओळ जागच्या जागी परत मागतात. मी तर हरखलोच. पहिलाच खेळ आणि हाकिम माझ्या ओळीवर फिदा! परत चढलो, आणखी लांब गिरकी घेतली.

"मुकर्रर!"

तिसऱ्यांदाही तेच. मागं बसलेले शेतकरी चुळबुळायला लागले. एकजण ओरडला, "अहो, त्या बाईला सोडवा आधी, मग गा!" उगारलेल्या तलवारीखालून खलनायक ओठ न हलवता पुटपुटला, "आरं आवर की, हात गळून पडायलाय माझा!" बांधलेली नायिका तर मिशा भादरून आलेला बाप्याच. एवढ्या वेळात त्याच्या गालांवर खुंट हिरवे दिसायला लागले होते.

"मुकर्रर."

या वेळी आवाज हळू होता. मी साहेबांकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर खुशी नव्हती. उजव्या हाताचं बोट वर होतं आणि ते माझ्या सुराबरोबर चढायचं. मी गिरकी घेऊन उतरलो तरी बोट वरच थांबायचं. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला. हाकिम माझ्यावर फिदा नव्हता, माझी वाट बघत होता.

मी पुन्हा चढलो, पुन्हा वळलो. साहेब उठून उभे राहिले. आवारात कापूस पडला असता तरी ऐकू आला असता.

"मियाँ," ते म्हणाले, "दरवाजे तक आते, अंदर कायकू नहीं आते?"

पडद्याच्या कडेला मालकांनी दोन्ही हात जोडले होते. मला की देवाला, कळेना. मास्तरांनी तर कमालच केली. पेटीवर वरचा सा धरला आणि माझ्याकडे न बघता धरूनच ठेवला. आता गिरकीला जागाच उरली नाही.

मी डोळे मिटले. निषादावर आलो. घशात कुसं. आणि गेलो वर. आधी फाटलं, जुन्या धोतरासारखं टर्रकन फाटलं. मी मागं फिरलो नाही. त्या फाटक्यातूनच सूर वर निघाला आणि टिकला, एक श्वासभर. त्या क्षणी समोरची गॅसबत्ती फुटली, असं मी आयुष्यभर सांगत आलोय. बत्ती फुटली होती हे खरं, फक्त ती नाटक सुरू व्हायच्या आधी.

साहेबांचं बोट खाली आलं. ते बसले. मी मुकर्ररची वाट बघत थांबलो. आला नाही. मग मास्तरांनीच पुढची ओळ वाजवली आणि बाईची एकदाची सुटका झाली.

अंक पडल्यावर साहेब रंगपटात आले. मी वाकून सलाम केला आणि नको तेवढा लाडात येऊन विचारलं, "हुजूर, या खेपेला मुकर्रर न्हाई म्हणालात?"

"फिर से होता था क्या तुमसे?"

साहेब मालकांशी दोन शब्द बोलून बाहेर गेले.

मालकांनी माझी ओघळलेली मिशी चापून बसवली. "नायक तू," ते म्हणाले. "अन् इजाजत मिळाली, जिंतूरचा मुक्काम हाय तोवर."

मी पाया पडायला वाकलो.

"वाकू नको, अट ऐक. रोज तीच खुर्ची, अन् पदात तीच जागा, वरचा सा. साहेब रोज येणार हायत."