कवठांचा डाव

आमच्या आजोबांना एकटं बसण्याची विद्या येत नव्हती. सकाळी राखुंडी घेऊन ते ओट्यावर बसले, की दात घासून होईपर्यंत भोवती दोन-तीन माणसं जमलेली असत, आणि आपण कशासाठी थांबलो हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. बाजारात मिरच्या आणायला गेले की माणूस घेऊन येत. मिरच्या राहून जात. घरात आम्ही भरपूर जण होतो, पण घरच्यांना ते सोबतीत धरत नसत. घरचे म्हणजे भिंती. त्या असायच्याच.

पौष लागला की ते रानातल्या खोपीत राहायला जात. सांगायचं कारण राखण. ज्वारीला पाखरं लागतात, चोर लागतात, असं ते गंभीरपणे म्हणत. धारूरकडं जाणाऱ्या वाटेला, ओढ्याच्या काठी ती खोप होती: चार खांब, तुराट्यांचा कूड आणि वर गवत. आजोबा तिला बंगला म्हणत. ‘सांजच्याला बंगल्यावर या’ असं आमंत्रण मिळालेला परगावचा पाहुणा ठेवणीतला रुमाल बांधून यायचा, आणि दारात वाकताना त्याचा रुमाल कुडात अडकून राहायचा. चोर कधी आले नाहीत. राखणीला बसलेल्यांनीच इतका हुरडा खाल्ला, की चोरांना ते रान आधीच कुणी लुटलंय असं वाटलं असावं.

बंगल्यावर रोजचे मित्र तीन. एक तालुक्याच्या बाजारात फळं विकणारा बागवान. त्याची आणि आजोबांची मैत्री एका सडक्या पपईवरून झालेल्या भांडणातून सुरू झाली होती, आणि ते भांडण अजून चालू होतं. दुसरा गावच्या देवळाचा गुरव. देवाला संध्याकाळी त्याची फारशी गरज पडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तिसरे सरकारी शाळेचे मास्तर. ते उर्दू शिकवत आणि त्यांना नियम फार आवडत. मी आजीबरोबर भाकरी घेऊन जायची, आणि परतायचं नाव काढायची नाही.

या चौघांचा एक खेळ होता. तो मी दुसरीकडं कुठंही पाहिला नाही. त्यांनीच काढला असावा. मळणीसाठी खळं करतात तेव्हा जमीन भिजवून, चोपून, शेणानं सारवतात. मधोमध बैल फिरवायला खांब रोवतात, त्याला मेढ म्हणतात. अशा नव्या सारवलेल्या खळ्यावर हे चौघं कडेवरून वाळलेली कवठं घरंगळत सोडायचे. ज्याचं कवठ मेढेच्या सगळ्यात जवळ थांबेल त्याच्या जोडीचा डाव. कवठं बागवान निवडून आणायचा आणि करडीचं तेल लावून चकचकीत करायचा. पण कवठ कितीही घोटलं तरी पुरतं गोल होत नाही. ते मधेच काहीतरी आठवल्यासारखं वळतं. सगळी गंमत त्या वळण्यात होती. जोडीदारानं खराटा घेऊन कवठाच्या पुढं पळायचं आणि काडीकचरा झाडून त्याला वाट करून द्यायची, हा मास्तरांचा नियम.

आजी भाकरी सोडायची आणि हे बघत राहायची.

“घरात आख्ख्या जन्मात झाडू धरला न्हाई,” ती म्हणायची, “अन् इथं एका कवठाम्होरं कंबर मोडस्तोवर झाडायलेत!”

“ही झाडझूड न्हाई,” आजोबा धापा टाकत म्हणायचे, “हा डाव हाय.”

पुढं फार वर्षांनी एका मासिकात वाचलं, की बर्फाच्या देशांत मोठमोठी माणसं गोठलेल्या तळ्यावर दगड घसरवतात आणि त्यापुढं झाडू मारत पळतात. माझ्या शेजाऱ्यांना ते खोटं वाटलं. मला वाटलं नाही.

खेळामुळं आमची मळणी गावात सगळ्यात शेवटी व्हायची. लोकांची ज्वारी पेवात पडायची तेव्हा आमची कणसं अजून कडेला वाट पाहत असायची.

त्या हिवाळ्यात तालुक्याला नवे तहसीलदार आले. सरकारी पडीक जमिनी कुणीकुणी दाबल्यात ते बघत ते गावोगाव फिरू लागले. आणि आमचं खळं, बंगल्यासकट, सरकारी पडीत होतं. हे आजोबांना माहीत होतं, त्यांच्या वडिलांनाही माहीत होतं. फक्त सरकारला कुणी बोललं नव्हतं. आमचं स्वतःचं रान लागूनच होतं, पण ते काळं. माघ आला की त्यात हात जाईल अशा भेगा पडत. तिथं सोडलेलं कवठ पावसाळ्यानंतरच भेटलं असतं. खेळाला लागणारी पांढरी, चिवट माती तेवढ्या एका पट्ट्यात होती. ज्वारीचं काही अडत नव्हतं, मळणी कुठंही होते. अडणार होतं ते आजोबांचं.

“तात्या, सरकारनं जागा घेतली तर?” गुरवानं विचारलं.

“तर मी घरी राहीन,” आजोबा म्हणाले. माणूस ‘तर मी जीव देईन’ ज्या आवाजात म्हणतो, तो आवाज होता.

तहसीलदार आले ते एखादा मुलूख जिंकायला आल्यासारखे. पुढं दोन शिपाई, मागं पटवारी, त्याच्या मागं जमीन मोजायची साखळी ओढणारे दोघे, आणि खास पिकदाणी धरायला आणखी एक चपराशी. साहेबांच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, डोक्यावर लाल तुर्की टोपी. खुर्ची बरोबर आणली होती. ती कुठं ठेवावी म्हणून चपराश्यानं सगळीकडं पाहिलं. आसपास सपाट आणि स्वच्छ जागा एकच होती. त्यानं ती खळ्यावर, मेढेपासून हातभर अंतरावर रोवली. साहेब बसले. ओल्या सारवणात खुर्चीचे चारी पाय रुतले, आणि आजोबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुढं फक्त दात काढताना ऐकला.

साखळी टाकून झाली. पटवाऱ्यानं मान हलवली. जागा सरकारची, यात शंका नव्हती. तेवढ्यात साहेबांची नजर बंगल्याच्या दारात ओळीनं मांडलेल्या तेलकट कवठांवर गेली.

“ये क्या है?”

“कवठ, हुजूर,” बागवान म्हणाला.

“तेल लगाके? जुआ खेलते हो यहाँ?”

जुगाराचं नाव निघताच मास्तर पांढरे पडले. ते सरकारी नोकर होते. त्यांनी घाईघाईनं खेळाचे नियम सांगायला सुरुवात केली. साहेबांचा चेहरा बघता त्यामुळं संशय वाढतच होता. शेवटी हात वर करून ते म्हणाले, “बस. खेलके दिखाओ.”

खुर्ची उचलून खळ्याच्या कडेला ठेवली. चौघांनी डाव दाखवला. पहिलं कवठ मधेच वळून मेढेला लागलं तेव्हा साहेबांनी डोळे बारीक केले. दुसऱ्याला ते खुर्चीच्या कडेवर आले. तिसऱ्याला उठून उभे राहिले आणि म्हणाले, “गलत पकड रहे हो तुम लोग.” मी पुढं आयुष्यात बरेच अधिकारी पाहिले. ज्या गोष्टीत आपल्याला काहीच कळत नाही हे त्यांना कळतं, त्या गोष्टीची सूत्रं ते हातात घेतातच.

साहेब खेळणार हे ठरलं. ज्याचा हात बरा तो त्यांचा जोडीदार, म्हणजे आजोबा. समोर बागवान आणि गुरव. मास्तरांना पंच केलं. सरकार खेळत असताना निवाडा द्यायचा, या कल्पनेनंच त्यांनी घाम पुसायला सुरुवात केली. आता साहेबांनी खराटा धरणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांच्या वतीनं पिकदाणीवाला चपराशी झाडेल असं ठरलं.

“हरायचं,” गुरव बागवानाच्या कानात म्हणाला. “जागेसाठी हरायचं.”

“हारना क्या मुश्किल है बे,” बागवान म्हणाला.

पण ते अवघडच निघालं. गुरवानं आपलं कवठ सरळ हरभऱ्यात घालवलं, तेवढं ठीक झालं. बागवानानं तोंड फिरवून, डोळे मिटून, वाट्टेल तसं सोडलं. ते कडेकडेनं गेलं, थांबेल थांबेल असं वाटलं, मग त्याला काहीतरी आठवलं आणि ते सुरेख वळून मेढेपासून वीतभर अंतरावर जाऊन बसलं. बागवानाचा चेहरा अपराध्यासारखा झाला. पण मिशीखाली तो हसत होता हे मी पाहिलं.

साहेबांचं कवठ त्यांच्याच खुर्चीला लागून परत आलं. मास्तर “वाह” म्हणाले. उरलं आजोबांचं.

आजोबा खाली बसले. त्या क्षणी त्यांना जागा, सरकार, साखळी यांतलं काहीही दिसत नसावं. मेढ दिसत होती. त्यांनी कवठ सोडलं. दिशा बरोबर होती, जोर कमी होता. पुढची वाट झाडली तरच ते पोचणार होतं. चपराश्यानं आयुष्यभर पिकदाणी धरली होती, त्यामुळं सरकारी वस्तूच्या मागं राहायचं एवढंच त्याला माहीत होतं. तो कवठाच्या मागून, सावकाश, अदबीनं झाडत निघाला.

“म्होरं! म्होरं झाड!” आजोबा ओरडले.

साहेबांना ते सोसलं नाही. त्यांनी चपराश्याच्या हातातून खराटा हिसकला आणि वाकून झाडू लागले. शेरवानी गुडघ्यात अडकत होती, टोपी पडली, तरी कवठ कूर्मगतीनं पुढं जात होतं. मेढ चार हातांवर असताना कंबर दुखली की दम लागला कोण जाणे, साहेब क्षणभर सरळ झाले.

“कावून थांबला बे!” आजोबा गरजले. “झाड ना बे, झाड!”

साहेब पुन्हा वाकले. झाडता झाडता पाय घसरून सारवणावर बसले. कवठ त्यांच्या जोड्याला वळसा घालून गेलं, बागवानाच्या कवठाला टेकलं आणि त्याच्या आणि मेढेच्या मधे जाऊन थांबलं.

मग सगळ्यांना ऐकू आलेलं सगळ्यांच्या लक्षात आलं. शिपाई, पटवारी, साखळीवाले, चपराशी यांच्यादेखत आजोबा तहसीलदारांना बे म्हणाले होते. दोनदा. खळ्यावर ते सगळ्यांनाच बे म्हणत. मास्तरांना म्हणत, एकदा धारूरच्या किल्ल्यापलीकडून आलेल्या व्याह्यांना म्हणाले होते. पण व्याही जागा काढून घेऊ शकत नव्हते. गुरव देवाचं नाव घेऊ लागला, म्हणजे प्रसंग खरंच कठीण होता.

साहेब बसल्या जागेवरून मास्तरांकडं बघून म्हणाले, “जीता कौन?”

मास्तरांनी बागवानाकडं बोट केलं. बागवानानं कडब्याचं एक धाट उचललं, मोजलं आणि मान खाली घालून म्हणाला, “आप, हुजूर.”

साहेब उठले. शेण झटकलं, टोपी घातली, बटणं तपासली, आणि पुन्हा पूर्वीएवढे मोठे झाले. मग त्यांनी पटवाऱ्याला हुकूम दिला: जागा सरकारची आहे आणि सरकारचीच राहील. हिवाळ्यात तिथं खळं करायला हरकत नाही. मात्र सरकारी जागेचा गैरवापर होऊ नये, म्हणून दर आठवड्याला तिची तपासणी होईल. तपासणी तहसीलदार जातीनं करतील.

मंडळी गेल्यावर चौघं खुर्चीच्या पायांचे खड्डे बुजवायला बसले.

“जागा राहिली, तात्या,” गुरव म्हणाला.

“राहिली,” आजोबा म्हणाले. “पर जोडीदार कसला गळ्यात पडला बे.”

आणि ते खरं होतं. साहेब दर आठवड्याला आले. त्यांचा हात कधी सुधारला नाही. दुसऱ्या कुणाबरोबर खेळायला ते तयार नव्हते, त्यामुळं ज्यांना गावात कुणी हरवू शकत नव्हतं ते आजोबा, साहेबांची बदली होईपर्यंत, दोन हिवाळे सगळे डाव हरले. समोरच्या जोडीनं हरायचं ठरवलेलं नव्हतं. आता त्याची गरजच नव्हती. बागवान तर इतक्या आनंदानं जिंकायचा, की आजोबांनी त्याला पुन्हा पपईची आठवण करून द्यायला सुरुवात केली.

खळ्यावर ते साहेबांना बे म्हणतच राहिले. साहेबांनी कधी हरकत घेतली नाही. एकदोनदा उलट म्हटलंही. डाव संपला की दोघं खळ्याच्या कडेला येऊन थांबायचे. साहेब टोपी सरळ करायचे, आजोबा रुमाल बांधायचे. मग एक पाऊल बाहेर टाकून आजोबा कमरेत वाकून सलाम करायचे, आणि साहेब त्यांच्याकडं न बघता दोन बोटं कपाळाला लावून घोड्यावर बसायचे.