बांधापलीकडचं पाणी

सालेकशाजवळच्या आमच्या शेतात बोअरला पाणी लागलं, त्याच रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकांनी सांगितलं, "हाती आहे ते सगळं देवाचं, आपण फक्त कारभारी." परतताना मी नवऱ्याला म्हटलं, "म्हणजे बोअरही देवाचाच की!" तो म्हणाला, "मग पाणी अडवणारे आपण कोण?"

पावसानं दडी मारली होती आणि धान नेमका निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. शेजारची शेती एक काकू एकटीनं करायची. तिच्या बांधीला, धानाच्या खाचराला, भेगा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या दारात गेले.

"काकू, आमचं पाणी घ्या."

"कायले देता? मी तुमच्या चर्चमध्ये येणार नाही, आधीच सांगते."

मला हसू आवरेना. "नका येऊ, पण धान तर वाचवा!"

आमचा पाइप बांधापर्यंतच पुरला. मग काकूनंच हाका मारून शेजारी गोळा केले. कुणी पाइपाचे तुकडे आणले, कुणी सांधे बांधायला सायकलची जुनी ट्यूब. नवऱ्यानं पंप सुरू केला. पाइप फुगला, एक सांधा सुटला आणि आम्ही सगळे चिंब भिजलो. घाईघाईनं तो पुन्हा आवळला.

"येऊन राहिलं! पाणी येऊन राहिलं!" काकू ओरडली आणि भेगांमधून धावणाऱ्या पाण्यामागे पळत सुटली. चपला बांधावर टाकून मीही तिच्यामागे पळाले. आमच्या बोअरला पाणी लागलं तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

काकूचा धान वाचला. चर्चला मात्र ती आली नाही.