खिडकीतला घास

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतच्या एका दवाखान्यात आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. शेजारच्या खाटेवर एक खानदेशी बाई होती, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कापडाच्या कारखान्यात लूमच्या पट्ट्यात केस अडकून तिचा डावा कान गेला होता.

डॉक्टरांनी आधी कुणा मेलेल्या माणसाची, जपून ठेवलेली कूर्चा वापरून कान बसवला. काही महिने तो छान दिसला, मग मेणासारखा खचत गेला. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ती कूर्चा परकी वाटली आणि त्यांनी ती कुरतडून संपवली, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. आता तिच्याच बरगडीची कूर्चा काढून दुसरा कान केला होता.

छातीचे टाके सांभाळत ती कशीबशी उठून बसायची. डबा उघडला की पहिला घास खिडकीत ठेवायची, आणि कावळा शिवेपर्यंत स्वतः जेवायची नाही. एकदा भात पार गार झाला, तेव्हा आई वैतागली. "अगं, घरातलं कुणी गेलंय का?"

"घरातलं नाही मावशी. ज्याचा कान मले लावला, त्याचं नावबी माहीत नाही." तिनं पट्टीवरून हळूच हात फिरवला. "माझ्या अंगानं त्याले खाऊन टाकलं. मग मी त्याच्या आधी कशी जेवू?"