जंत आणि जंतू

लेक दीड वर्षाची झाली तरी तिचं वजन हलेना. अंगणवाडीच्या काट्यावर तीन महिने तोच आकडा. मी चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला जायची, लेक दिवसभर सासूबाईंपाशी. त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता.

सासूबाई केम गावच्या. लेकीचं नाक पुसणार आणि त्याच हातानं घास भरवणार. "आई, हात धुवा, जंतू जातात पोटात," असं मी रोज बजावायची. त्यांना ते 'जंत' ऐकू यायचं. "माज्या हाताला जंत हायत व्हय?" असं त्या शेजारणीला विचारायच्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

मग मी पाळतच ठेवली. कामावरून आले की वाट्या हुंगायची. एकदा पिठाच्या डब्यामागं ज्वारीची आंबील सापडली. आंबलेलं घालतात पोरीला! मी ती त्यांच्यादेखत मोरीत ओतली. त्यांनी लगेच भांडं घासायला घेतलं, त्याचाही मला संशयच आला.

मी मात्र दक्ष. शिंक आली, जुलाब झाले, की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच अँटिबायोटिकची बाटली आणायची. जंतू मेले की पोर बाळसं धरेल, एवढं साधं गणित.

शेवटी आम्ही दोघी तिला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाले, "पोटात चांगलेही जंतू असतात. अन्न अंगी लागायला त्यांची मदत होते. सारखं हे औषध दिलं की तेही मरतात. वजनाची बाकीची कारणं तपासू, पण हे आधी बंद. न विचारता देत कोण होतं?"

बाटली माझ्या पर्समध्ये होती. मी पर्सची चेन ओढून घेतली.

"मीच की," सासूबाई म्हणाल्या. "अडानी बाई मी, मला काय कळतंय."

डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. मी ऐकत बसले. लाज वाटत होती, आणि तरी मनात येतच होतं की हे अंगावर घेतलं कशाला? जन्मभर ऐकवायला?

रिक्षात मांडीवरच्या लेकीचे केस सारखे करत सासूबाईंनी भीतभीत विचारलं, "डॉक्टर जंत पायजेत म्हनला न्हवं? मग देऊ का गं आता आंबील?"

जंत नव्हे, जंतू, असं सांगायला माझी जीभ उचलली नाही.