वरून म्हंजे कुठून?

जामखेडच्या तहसील कचेरीत गर्जेबाई आवक-जावक सांभाळायच्या. कुणी "वरून आदेश आलाय" म्हणालं, की त्या चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "वरून म्हंजे कुठून? वरून पाऊस येतो. आदेश टपालानं येतो, अन् त्याच्याखाली कुणाचं तरी नाव असतं." आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त मी हसायचो, हेही सांगून टाकतो.

दिवाळीनंतर कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी आल्या: पडताळणीत जी कुटुंबं घरी सापडणार नाहीत, त्यांची रेशनकार्डं बंद करा. सही नाही, तारीख नाही. आणि पडताळणी कधी? अर्धा तालुका ऊसतोडीला गेलेला असताना! हे शहाणपण कोणत्या डोक्यातून निघालं, ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

बाई तहसीलदार साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "साहेब, लेखी मागवा. तोवर एकबी कार्ड बंद करता येत न्हाई."

"बाई, सगळ्या तालुक्यांत हेच चाललंय."

"मग सगळ्या तालुक्यांत चुकतंय."

पडताळणी उरकल्यावर साहेबांनी न सापडलेल्या कुटुंबांची यादी माझ्याकडे सरकवली; रेशनचं टेबल माझं होतं. मी मुकाट्याने सही केली आणि कार्डं बंद केली.

महिन्याभराने कोंडाबाई नावाची म्हातारी आली. दुकानदारानं धान्य नाकारलं होतं. "लेक-सून कारखान्यावर गेल्यात. मी अन् दोन नाती घरीच हाय की! त्या दिशी पान्याला गेल्ते. कुलूप बघून माघारी गेलं व्हय तुमचं मानूस?" मी समोरच्या रजिस्टरची पानं उलटू लागलो.

बाईंनी तिचा अर्ज स्वतः लिहिला आणि जिल्ह्याला पत्र धाडलं: कोणत्या आदेशानं कार्डं बंद झाली? उत्तर आलं, असा आदेश या कार्यालयाने दिलेलाच नाही. ग्रुप उघडला, तर तो मेसेज कुणीतरी पुसून टाकलेला. साहेबांनी हात झटकले. बाईंनी ते पत्र माझ्यापुढे आपटलं. "वाच. आदेशच न्हाई. मग त्या पोरींचं धान्य कुणी बंद केलं? तू."

बंद करायला चार ओळी पुरल्या होत्या. चालू करायला तीन सह्या लागत होत्या. नोकरीचा शेवटचा महिना बाई त्या फायलीमागे टेबलाटेबलावर फिरल्या.

निरोपाच्या दिवशी साहेब शाल घेऊन पुढे झाले. बाई म्हणाल्या, "ती राहू द्या. कोंडाबाईचं कार्ड चालू झालं का?"

साहेब शालीची घडी सारखी करू लागले. बाईंनी पिशवी उचलली आणि तडक निघून गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.