सुमनला घरच्या गॅसचा वास आला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जीन्सचे धागे कापणं. २००६ साल, विठ्ठलवाडीची आमची चाळ. माझी बायको सुमन खाली वाकली की नाकातून पाणी टपकायचं, अगदी स्वच्छ. मी ओरडलो, "पँटवर डाग पडला तर शेठ माल परत मारेल. नाक पूस."

"मग तुम्हीच कापा ना! आरडता कशाला?"

या कामात सगळ्यांचीच नाकं वाहतात, निळ्या धुळीनं. आम्ही तेच समजलो. दोन महिन्यांपूर्वी ती मोरीत घसरून कपाळावर आपटली होती. तेव्हापासून वासही येईना. तेही धुळीवरच ढकललं.

मग ताप आला, मान ताठ झाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी सांगितलं — नाकाच्या वर, मेंदूच्या खाली एक पातळ हाड असतं, बारीक भोकांचं. त्यातून वासाच्या नसा जातात. ते तडकलंय. गळतं ते मेंदूचं पाणी. त्याच वाटेनं जंतू वर गेले.

"आधी का नाही आणलंत, बाबा?"

चौथी शिकलेला माणूस मी, धूळच समजलो.

भूतखेत मी मानत नाही. आम्ही बौद्ध, दाराला लिंबू-मिरचीसुद्धा नाही. तरी हे घडलं.

चौथ्या दिवशी दुपारी सुमननं डोळे उघडले. "अहो, घरी गॅसचा वास येतोय. जा."

"येडी का तू? इथलं फिनेल कळत नाही तुला, नि विठ्ठलवाडीचा गॅस कळतो?"

"जा म्हणते ना! शेजारची चंदा तुमचा भात टाकायला येईल, काडी ओढेल."

रडायलाच लागली. म्हणून गेलो. दार उघडलं तर खोली गॅसनं भरलेली. उंदरानं नळी कुरतडलेली. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या... तेवढ्यात किल्ली घेऊन चंदा दारात.

परत पोचलो तर सुमनच्या तोंडावर चादर ओढलेली.

पण तिला वास आला कसा? दुसऱ्या दिवशी सकाळी, घर माणसांनी भरलेलं असताना, मी उठून हॉस्पिटलात गेलो, सगळं सांगून विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तापात भास होतात, बाबा. पण गॅस खरंच..." आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

मग काल दुपारी ड्युटीवर असलेल्या नर्सला गाठलं. "शेवटी काय बोलली?"

"तुमचंच विचारत होत्या. पोचले का ते, पोचले का ते..."

"मग?"

"मला काय माहीत, काका? मी म्हटलं, पोचले. मग गप्प झाल्या."

मी तिथंच बाकड्यावर बसलो.